बारावं अंगण

अकरा घरांनी त्रास दिला नव्हता असं नाही. वाडीतल्या एका बाईंनी कासवाला पाचवा पाय काढला आणि आमच्याकडे असाच असतो म्हणून ठणकावून सांगितलं. रावपुऱ्यातल्या एका आजोबांनी बायकोच्या पाटीवर खाली मुलाच्या दवाखान्याची वेळ लिहून टाकली. पण परक्यांचा त्रास कामात धरता येतो. बारावं घर मैथिलीचं स्वतःचं होतं, म्हणजे ती तिथे राहत नसली तरी तिच्या काकांचं, कारखानिसांचं. शनिवारी दुपारी अडीच वाजता, टेम्पो यायला अडीच तास उरले असताना, त्या घराची पाटी कारेलीबागेतल्या टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या जोडघराच्या, पार्किंगमध्ये फरशीवर आडवी पडली होती, आणि तिच्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून कारखानीस कुटुंब बसलं होतं.

पाटी म्हणजे चार फूट बाय चार फूट प्लाय, वर गेरू. अशा बारा. उद्या सकाळी दांडिया बाजारातल्या एका हॉलच्या जमिनीवर त्या मांडायच्या आणि बडोद्यातल्या बारा मराठी घरांची चैत्रांगणं लोकांनी हिंडत बघायची. चैत्र लागला की ज्या घरांत अजून पद्धत उरली आहे तिथे रोज सकाळी दारापुढे काढतात ते: मधोमध पाळण्यात गौर, भोवती सूर्य, चंद्र, तुळस, हत्ती, फणी, करंडा, सगळी मिळून एक्कावन्न चिन्हं, आणि घर तशी तऱ्हा. मैथिलीचा नियम एकच. पाटी त्या घरातल्या हाताने भरायची. ती स्वतः एक रेघ ओढणार नाही. पाटीच्या खाली एक पट्टी, तिच्यावर दोन ओळी: घर, आणि हात.

नियम केला तेव्हा सोपा वाटला होता.

"पाळण्याला दोनच साखळ्या?" कौमुदीआत्या म्हणाली.

आत्या सकाळच्या गाडीने पुण्याहून आली होती. आजीच्या तेराव्याला देव कुणाकडे जाणार यावरून जे झालं, त्यानंतर आठ वर्षांनी ती या घरात पाऊल टाकत होती. आल्या आल्या तिने चहा घेतला, देव्हाऱ्याकडे न बघता नमस्कार केला आणि पाटीच्या सगळ्यांत जवळची खुर्ची धरली.

"आईच्या पाळण्याला चार असायच्या."

"पाळणा समोरून काढलाय," निरुपमाकाकू म्हणाली. गुडघ्यांमुळे तिची खुर्ची भिंतीपाशी होती. "पुढच्या दोन दिसतात. मागच्या दोन त्यांच्या मागे असतात."

"आईच्या दिसायच्या."

काकूच्या सुनेने, भक्तीने, आणखी दोन साखळ्या काढल्या. ती फरशीवर मांडी घालून बसली होती, जुनी ओढणी कमरेला खोचून. शेजारी स्टीलच्या वाटीत पातळ केलेला पांढरा रंग. मैथिलीने ब्रश आणून दिला होता, तो वाटीच्या कडेला तसाच कोरडा पडला होता. भक्ती अनामिकेने काढत होती. सयाजीगंजातल्या लॅबमधून तिने अर्धी रजा घेतली होती. तिथे ती दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे तिचा हात हलत नाही, असं काकू पाहुण्यांना सांगत असे. हे काकूने सुनेविषयी पाहुण्यांना सांगितलेलं एकमेव वाक्य होतं.

"शांतपणे काढू द्या ना तिला," मैथिली म्हणाली.

"मी काय अशांत केलं? साखळ्या मोजल्या फक्त."

[रेकॉर्डिंग ३. माधवकाका. एक तास बारा मिनिटं. त्यातलं.]

...तर आबासाहेब, म्हणजे माझे पणजोबा, संस्थानच्या कोठीचे कारखानीस. कोठी लहरीपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला. दरवाजा उघडल्याशिवाय धान्याची गाडी आत येणार नाही, आणि आबासाहेब आल्याशिवाय दरवाजा उघडणार नाही. समजलं? म्हणून आमच्या चैत्रांगणात उजव्या कोपऱ्यात खाली दरवाजा असतो. हा तुला दुसऱ्या कुणाच्या अंगणात सापडायचा नाही. लिहिलंस?

काका, रेकॉर्ड होतंय.

तरी लिही.

[रेकॉर्डिंग ५. कौमुदीआत्या. पुण्याहून फोनवर. चव्वेचाळीस मिनिटं. त्यातलं.]

...मला विचार. माधवला काय विचारतेस, तो तेव्हा गच्चीवर पतंग उडवायचा. आईचं अंगण मला डोळे मिटले की दिसतं. सगळंच्या सगळं. आत्ता मिटलेत बघ.

माधवकाका वीज बोर्डातून निवृत्त झाल्याला एकवीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घराण्याचा इतिहास त्यांच्या ताब्यात होता. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात प्रत्येक घराला सहा ओळी द्यायच्या, असं मैथिलीने सांगितलं होतं. काकांनी तीन पानं लिहिली. मग मसुदा दुसरा, दोन पानं. मसुदा तिसरा त्यांनी सयाजीगंजात जाऊन परस्पर छापून आणला, रंगीत, दोनशे प्रती, मैथिलीला न विचारता. गठ्ठा आता त्यांच्या मांडीवर होता.

"ऐका," काका म्हणाले.

"अहो, काम चाललंय," काकू म्हणाली.

"कानाने ऐकायचंय. हाताचा काय संबंध?" त्यांनी चष्मा वर केला. "'कारखानीस घराण्याच्या चैत्रांगणाचे अनन्य वैशिष्ट्य म्हणजे लहरीपुरा दरवाजा. बडोदे संस्थानाच्या सेवेत चार पिढ्या खर्ची घातलेल्या या घराण्याने आपल्या निष्ठेची ही खूण दीडशे वर्षे अंगणात जपली.'"

"कसला दरवाजा?" आत्या म्हणाली.

"आपला. अंगणातला."

"आईच्या अंगणात दरवाजा नव्हता."

"तू एक्काहत्तर साली लग्न होऊन पुण्याला गेलीस, कौमुदी."

"जाण्याआधी वीस वर्षं मी त्याच अंगणातून शाळेत जात होते. पाय कुठे ठेवायचा नाही ते पाठ होतं. दरवाजा नव्हता."

"निरुपमा, सांग तिला."

काकू ज्या अर्थी पदराचं टोक नीट करत राहिली, त्या अर्थी हे लांबणार, हे मैथिलीने ओळखलं. पाटीवर आत्तापर्यंत गौर झाली होती, पाळणा, चार साखळ्या, सूर्य, आणि हत्तीचं मागचं अर्धं अंग.

"मला सासूबाईंनी शिकवलं तेव्हा," काकू हळूच म्हणाली, "दरवाजा मी काढल्याचं आठवत नाही. पण असेल. तुम्ही म्हणताय तर असेल."

"मी म्हणतोय म्हणून नाही. आहे. रोज सकाळी समोर असतो. फोटो आहेत मैथिलीकडे."

फोटो होते. सत्तावीस. सगळ्यांत उजव्या कोपऱ्यात खाली दरवाजा होता: दोन बुरूज, मधे कमान, कमानीवर तीन छोटी फुलं. मैथिलीने फोनवर काकूचं रेकॉर्डिंग शोधलं आणि सगळ्यांसमोर लावलं. काकू एकामागून एक चिन्हं सांगत होती, शाळेत पाढे म्हणावेत तशी. शंख, चक्र, गदा, पद्म. आरसा, फणी, करंडा. दरवाजा नव्हता.

"बघ," आत्या म्हणाली.

"ती विसरली असेल," काका म्हणाले.

"मी काही विसरत नाही हो," काकू म्हणाली, आणि मघाशी ती ज्या बाजूला होती त्या बाजूवरून उठून गेली. म्हणजे बसूनच.

"पप्पा," भक्ती म्हणाली. तिने मान वर केली नव्हती, हत्तीची शेपटी चालली होती. "ते लहरीपुरा नाही. ती वडोदरी भागोळ आहे. डभोईची."

गल्लीतून भाजीवाल्याचा भोंगा ऐकू आला. त्याच्याकडे भेंडी ताजी होती.

"डभोईची वेस," काका म्हणाले, "आमच्या अंगणात कशाला?"

"लग्नानंतरचा पहिला चैत्र होता. मम्मीने सांगितलेलं, एक्कावन्न पाहिजेत, कमी चालत नाही. सगळं काढून मोजले तर पन्नास. एक विसरले. कोणतं ते काही केल्या आठवेना. मम्मी आंघोळीला गेल्या होत्या, तुम्ही फिरायला. आणि इथे," तिने अनामिका पायरीकडे केली, "आजी बसून बघत होत्या. नवीन होते ने मी. विचारायला लाज वाटली. मग जे हाताला येत होतं ते काढलं. आमचं घर भागोळीच्या तोंडालाच आहे, लहानपणी चित्रकलेच्या तासाला तीच काढायचो आम्ही."

"आणि आई?" आत्याने विचारलं. "आईने काय म्हटलं?"

"आजी म्हणाल्या, हात चांगला आहे."

"दरवाज्याबद्दल काय म्हणाली?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी पण काढला, तरी काही नाही. मग तो राहिला."

माधवकाकांनी मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. दोनशे प्रती, रंगीत. मैथिलीला त्या क्षणी त्यांची दया येणं शक्य होतं. पण सोळा वर्षं ज्याला त्याला धरून त्या दरवाज्याची कथा सांगणारे हेच काका होते, आणि चहाचा ट्रे घेऊन शेजारून जाणारी भक्ती ती कथा सोळा वर्षं ऐकत आली होती.

"तू बोलली का नाहीस इतकी वर्षं?" काका म्हणाले.

"तुम्ही किती छान सांगता, पप्पा."

यात टोमणा होता की नव्हता, हे भक्तीच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. या घरातल्या अर्ध्या भांडणांचं कारण तेच होतं.

[ग्रुप: कारखानीस परिवार. दुपारी ३.१८]

उत्कर्ष, टोरांटो: गुड मॉर्निंग सगळ्यांना. बाबांनी टाकलेलं पत्रक वाचलं. लय भारी. दरवाजा दंडावर गोंदवून घेऊ का?

माधवकाका: थांब.

"ते सोड," आत्या म्हणाली. "राहिलेलं चिन्ह कोणतं?"

"ते माहीत असतं तर काढलं नसतं का, आत्या?"

"मग फोटोवरून मोजूया. किती वेळ लागतो?"

(या ठिकाणी मैथिलीने घड्याळ बघितलं. तीन पंचवीस. मोजू नका, मला टेम्पोवाल्याला फोन करून वेळ बदलता येणार नाही, त्याला छाणीला दुसरं भाडं आहे, हे वाक्य तिने पूर्ण म्हटलं. कुणी ऐकलं नाही.)

एक, गौर.

दोन, पाळणा.

"गौर पाळण्यात असते. दोन्ही मिळून एक."

"मग हत्ती आणि अंबारी पण एकच धरा."

"अंबारी वेगळी असते."

"हत्तीवर नाही? मग काय जमिनीवर ठेवायची?"

नऊ, तुळस. दहा, शंख.

"शंख झाला."

"कधी?"

सतरा, कासव.

अठरा, गोपद्म.

"गोपद्मं चार काढतात. चार धरायची?"

"पाच काढतात."

"मोजताना एकच. गाईला पाय किती हा प्रश्न नाही इथे."

पहिल्यांदा सत्तेचाळीस आले. दुसऱ्यांदा काकांनी माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं, तेव्हा त्रेपन्न. तिसऱ्यांदा बरोबर एक्कावन्न आले आणि काका, आत्या आठ वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. मग काकूने दाखवलं की त्यात दरवाजा धरलेला आहे.

"म्हणजे एक आहेच राहिलेलं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजाला धार आली. "दौत-लेखणी. मला आता स्पष्ट आठवतंय. आपलं घराणंच लिहिणाऱ्यांचं. दौत-लेखणी असणारच."

"काहीतरीच. औदुंबर होता. आई दर गुरुवारी जायची औदुंबराला."

"औदुंबराला जायची म्हणून अंगणात काढायची? मग अंगणात भाजीमार्केट पण पाहिजे."

"केरसुणी असेल," काकू म्हणाली. "ती कुणाच्या लक्षात राहत नाही."

मैथिली उभी होती. बसली असती तर रडली असती, किंवा हसली असती, आणि दोन्हींचे अर्थ लावत काका-आत्या आणखी अर्धा तास बसले असते. गेले सात महिने ती हेच करत होती, लोकांच्या दारात बसून त्यांना आठवतं ते ऐकत होती. परक्या घरातलं हे मोजणं तिने आनंदाने रेकॉर्ड केलं असतं, हॉलमध्ये स्पीकरवर लावलं असतं. परक्या घरात हे किती गोड वाटतं, आणि स्वतःच्या घरात कपाळाची शीर कशी उडते, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

सव्वाचारला भक्तीचा नवरा शुभंकर नंदेसरीहून कामावरून आला. फाटकातून स्कूटर आत घेताना पाटी दिसली म्हणून थांबला. इतर दिवशी सकाळी तो अंगणावरूनच स्कूटर काढत असे. हत्ती त्याच्या पुढच्या चाकाखाली जात असे, हेही सत्तावीस फोटोंपैकी चार फोटोंत होतं.

"झालं नाही अजून?" तो म्हणाला.

"तुझ्या अंगणातला दरवाजा डभोईचा निघाला," आत्या म्हणाली, जणू तोच लपवून बसला होता.

"कोणता दरवाजा?"

"उजव्या कोपऱ्यातला. खाली."

शुभंकरने आठवून पाहिलं. "तो दरवाजा आहे? मला वाटायचं पोस्टाची पेटी."

भक्ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा. आवाज न करता, खांद्यांनी.

"विषय स्पष्ट आहे," माधवकाका म्हणाले, आणि आत्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मघाशी दौत-लेखणीवरून एकमेकांचा जीव घेणारी ही दोघं आता एका बाजूला होती. "उद्या सगळं गाव येणार. पाटीवर जे कारखानिसांचं ते. दरवाजा नको."

"आणि त्या जागी?" मैथिलीने विचारलं.

"दौत-लेखणी."

"औदुंबर," आत्या म्हणाली.

"दरवाजा राहू दे," काकू भिंतीपाशी बसूनच म्हणाली. सगळे वळले. "सोळा वर्षं मी त्याच्यावर हळदकुंकू टाकतेय. माझ्या हातून काय चुकीच्या देवाला गेलं? असू दे."

आणि इथे मैथिलीने ती चूक केली.

तिला त्या क्षणी प्रदर्शन पूर्ण दिसलं. सात महिने ज्याच्या भोवती ती चाचपडत होती ते तिच्याच घराच्या पार्किंगमध्ये होतं: हरवलेलं चिन्ह, त्याच्या जागी दुसऱ्या गावाचा दरवाजा, त्या दरवाज्यावर रचलेला खोटा इतिहास. बारावी पाटी मधोमध ठेवायची. बाकीच्या अकरा तिच्याभोवती. भिंतीवर भक्तीचा आवाज. तिने फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि भक्तीच्या तोंडाजवळ नेला.

"भक्ती, मघाशी सांगितलंस ते परत एकदा सांगशील? पहिल्यापासून. मम्मी आंघोळीला गेल्या होत्या तिथून."

भक्तीने फोनकडे पाहिलं. मग मैथिलीकडे.

"आता?"

"दोनच मिनिटं."

भक्तीने वाटीवर झाकण ठेवलं. ओढणीच्या टोकाला अनामिका पुसली, सावकाश, नखापासून.

"ताई, तुम्ही या घरी किती वेळा आलात हे रेकॉर्ड करायला?"

"मोजलं नाही."

"अकरा वेळा. चहा मी केला म्हणून माहीत आहे. पप्पांना पाच वेळा विचारलंत. मम्मीला दोनदा. आत्यांना पुण्याला तीन फोन. अंगण रोज कोण काढतं, हे तुम्हाला माहीत होतं ने?"

"होतं."

"मग?"

मैथिलीच्या फोनमध्ये हे होतं:

[रेकॉर्डिंग ७. निरुपमाकाकू. अठ्ठावीस मिनिटं. सोळाव्या मिनिटाला.]

मैथिली: एक मिनिट हं काकू. भक्ती, तो पंखा बंद करशील? आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये.

दुसरा आवाज, लांबून: केला.

"मी ते आज विचारणार होते," मैथिली म्हणाली, आणि म्हणताना ते किती खोटं आहे हे तिला ऐकू आलं.

"आज विचारलंत कारण आज गोष्ट निघाली," भक्ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तो दरवाजा गोष्ट म्हणून नाही काढला. विसरले म्हणून काढला. मग सवय झाली. ते माझं आणि फरशीचं आहे. तुम्ही हॉलमध्ये लावणार, लोक येणार, अरेरे, बिचारी, माहेरची आठवण. डभोई काय चंद्रावर आहे? तासाभरात बसने पोचते मी."

"कुणी बिचारी म्हणणार नाही."

"तुमच्या डोळ्यांत आत्ताच आलं होतं, ताई."

माधवकाका खाकरले. मोठेपणा करायची वेळ आली की ते आधी खाकरत. "ठीक आहे. दरवाजा ठेवू. मी पत्रकात एक ओळ घालतो. 'स्नुषेच्या माहेराचा मान राखून...'"

"मान नको, पप्पा."

"मग काय पाहिजे तुला?" आत्याने विचारलं. हा प्रश्न या घरात सुनेला विचारला जाण्याची ही पहिलीच वेळ असावी. आत्याने तो चिडून विचारला होता, तरी विचारला होता.

भक्तीने नळाखाली फडकं ओलं केलं, पिळलं, आणि पाटीपाशी परत आली. तिने काय करायचं ठरवलंय हे मैथिलीला कळलं तोवर गौरीचा चेहरा गेला होता. मग पाळणा गेला, चारी साखळ्या, सूर्य, अर्धा हत्ती. रंग अजून ओला होता. गेरूवर गुलाबी पट्टे उरले, तेही तिने दुसऱ्यांदा फडकं पिळून काढले.

"रोज दुपारी पुसतेच," ती म्हणाली.

माधवकाकांनी माहितीपत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला, परत उचलला. शुभंकरने स्कूटर स्टँडवर लावली आणि एवढा वेळ ती धरून उभा होता हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. चार चाळीस झाले होते.

"अकरा घरं भरलेली, आणि आपली पाटी कोरी," आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतील? माधव, तू काढ."

"मी? माझा हात कुठे बसलाय?"

"मग मीच बसते. डोळे मिटले की दिसतं मला." ती खरंच खुर्चीवरून उठली, शुभंकरच्या आधाराने फरशीवर टेकली, वाटीचं झाकण काढून बोट बुडवलं. डोळे मिटले. बोटाला थेंब जमला, लोंबला आणि गेरूवर पडला. आत्याने डोळे उघडले, थेंबाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मैथिलीने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बाई साफ गोंधळली होती.

"दिसतंय," ती म्हणाली. "सुरुवात कुठून करायची ते कळत नाही."

भक्तीने तिचा हात धरून तिला उठवलं. थेंबही पुसला.

"ताई, तुम्ही काढा ने," ती मैथिलीला म्हणाली. "घरातला हात पाहिजे, हाच नियम आहे ने? तुम्ही घरातल्याच."

मैथिली सहा वर्षं चित्रकला शिकली होती. गेल्या सात महिन्यांत अकरा घरांची अंगणं तिने इतक्या वेळा पाहिली होती की त्या अकरांपैकी कोणतंही अंगण ती डोळे झाकून उतरवू शकली असती. स्वतःच्या घराचं मात्र तिने सत्तावीस फोटोंतून पाहिलं होतं. हत्तीचं तोंड डावीकडे असतं की उजवीकडे, हे तिला आत्ता विचारलं असतं तर फोन उघडावा लागला असता.

"मला नाही येत," ती म्हणाली.

हे वाक्य म्हणायला तिला एक्केचाळीस वर्षं लागली होती. म्हणून झाल्यावर मात्र तिचा वैताग उतरला. सगळा नाही, पण काकांवरचा आणि आत्यावरचा तरी उतरला. स्वतःवरचा राहिला. तो तिने कामाला लावला. पिशवीतून पट्टी काढली, मार्कर काढला, पायरीवर बसली.

"पाटी कोरीच जाईल," ती म्हणाली. "हॉलमध्ये कोरीच मांडायची. पण पट्टीवर काहीतरी लिहावं लागेल. भक्ती, काय लिहायचं ते तू सांग. मी नुसती लिहीन. रेकॉर्ड करत नाही."

"काहीही?"

"काहीही."

"हे बघ, मैथिली," माधवकाका म्हणाले.

"काका, थांबा जरा."

भक्ती काकूच्या खुर्चीच्या हातावर टेकली. काकूने सरकून जागा दिली. बाहेर टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला, शुभंकर त्याला पाच मिनिटं मागायला फाटकापर्यंत गेला.

"लिहा. घर, कारखानीस. कारेलीबाग."

मैथिलीने लिहिलं.

"हात, भक्ती."

"भक्ती शुभंकर कारखानीस," आत्याने दुरुस्त केलं.

"नुसतं भक्ती."

मैथिलीने नुसतं भक्ती लिहिलं.

"खाली लिहा. हे अंगण इथे दिसणार नाही. बघायचं असेल तर घरी या. चैत्र संपेपर्यंत, सकाळी साडेसहा ते सव्वासात. नंतर त्याच्यावरून स्कूटर जाते."

"घरी?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "परकी माणसं? सकाळी साडेसहाला? किती येतील काही अंदाज आहे?"

"दहा. वीस. कोणीच नाही. मला काय माहीत?"

"त्यांना चहा द्यावा लागेल," काकू म्हणाली.

"पप्पा देतील. मी काढत असणार."

माधवकाकांनी तोंड उघडलं. वीस अनोळखी माणसं, दर सकाळी, दारात, जी उठून जाऊ शकणार नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून हा हिशोब पुढे सरकताना मैथिलीला दिसला. ते हळूच परत बसले.

"आलं घालून," ते म्हणाले.

"आणि दरवाज्याबद्दल कोणी विचारलं तर?" आत्या म्हणाली.

"ज्याला जे सांगायचं ते सांगा. मी मधे बोलणार नाही. आत्तापर्यंत कुठे बोलले?" भक्ती मैथिलीकडे वळली. "आणि आधी फोन करून या, असं लिहा. माझा नंबर घाला. पप्पांचा नको."

ती नंबर गुजरातीत सांगत गेली आणि मैथिली मराठी आकड्यांत उतरवत गेली. नव्वाणुं, चोवीस, हे सहज झालं. मधे एकदा चुकली, खोडलं, परत लिहिलं. पट्टीवर जागा जेमतेम उरली. टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला.

"झालं?" मैथिलीने विचारलं.

"एक राहिलं. रविवार सोडून."

"रविवारी कुठे असतेस तू?" काकूने विचारलं. "रविवारी तर घरीच असतेस."

"या चैत्रात नसणार, मम्मी."

"कुठे जाणार?"

"अजून ठरवलं नाही," भक्ती म्हणाली. "पण नसणार. लिहा, ताई."